२०२२ ची क्रेटा देऊन २०१८ ची सुपर्ब घ्यावी का? नागपुरात झेपेल?

त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो. आता धागा काढतोय, कारण घरात एकमत होत नाहीये आणि ऑफिसात विचारलं तर जो तो स्वतःचीच गाडी घ्यायला सांगतो.

सध्याची गाडी: क्रेटा १.५ पेट्रोल, आयव्हीटी ऑटोमॅटिक, २०२२, एमएच-३१, एकहाती. कर्ज फिटलंय. त्रास काही नाही. रोज मिहानला जाणं-येणं, अधूनमधून यवतमाळला गावी, आणि दिवाळी-उन्हाळ्यात समृद्धीने संभाजीनगरवरून पुणे. समृद्धीवर १२० ला गाडी जाते हो, पण चढाला ट्रक ओलांडायचा म्हटलं की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही पुढे सरकत नाही.

तर सदरमधल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे स्कोडाची सुपर्ब पाहिली. १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), एल अँड के (सगळ्यात वरचं मॉडेल), डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), २०१८, एमएच-४९, मीटरवर ६८ हजार. क्रेटाचे तो साडेदहा लाख धरतो, सुपर्बचे चौदा मागतो. म्हणजे वर साडेतीन. नवी असताना हीच गाडी रस्त्यावर यायला तीस लाखांच्या वर लागायचे. अमरावती रोडला चालवून पाहिली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मागच्या सीटवर पाय पसरून झोपता येईल एवढी जागा, ६२५ लिटरची डिकी, दारात छत्री!

बायको म्हणते, "चालू गाडी का विकायची?" बाबा म्हणतात, "खाली वाकून बसावं लागेल का?" जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिंगरोडचा_राजा

भाऊ, सोन्यासारखी गाडी हाये तुमच्याकडं, ते इकून काहाले राहिले? क्रेटाचा पार्ट आपल्या नागपुरात पानठेल्यावर बी भेटते. त्या सुपर्बचा सेन्सर गेला तं तुमी पंधरा दिवस स्कुटीवर मिहानले जान मे महिन्यात. ४५ डिग्रीत. मंग सांगजा लक्झरी काय असते ते.

लक्ष्मीनगरची

वहिनींना माझा पाठिंबा. आणि बाबांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सेडानमध्ये बसताना ते आधी दार धरतात, मग छत धरतात, मग "हाऽऽ" करून अंग टाकतात. उठताना दोघं जण लागतात. एसयूव्हीत सीट कमरेच्या उंचीला येते, नुसतं वळून बसलं की झालं. घरी ज्येष्ठ माणसं असतील तर त्यांना एकदा त्या गाडीत बसवून, उतरवून पाहा आणि मग बोला.

अवांतर: त्रिमूर्तीनगरच्या गल्ल्यांत लोकांनी घरासमोर स्वतःच घातलेले गतिरोधक आहेत. लांब गाडीचं पोट तिथे हमखास घासतं.

पाना_पक्कड

माझं हिंगणा रोडला छोटं वर्कशॉप आहे, जर्मन गाड्या बऱ्याच येतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही गाडी बघताय, मी गिअरबॉक्स बघतोय. सुपर्ब १.८ टीएसआय ऑटोमॅटिकला सात गिअरचा डीएसजी आहे, डीक्यू२०० नावाचा. यात दोन क्लच असतात आणि दोन्ही कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. कंपनीचेच आकडे बघा. हेच इंजिन मॅन्युअलला ३२० एनएम टॉर्क देतं आणि डीएसजीला २५०. इंजिनात काही फरक नाही, हा गिअरबॉक्स २५० च्या वर घेत नाही म्हणून इंजिनाला लगाम घातलाय. तुम्ही ज्या ताकदीवर भुललात ती आधीच कापलेली आहे. (तरी क्रेटापेक्षा पुष्कळ जास्त आहे, ते खरं.)

या गिअरबॉक्सचा इतिहास साधा नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने (स्कोडाची मूळ कंपनी) याच्यासाठी जगभरात १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. आतल्या सिंथेटिक तेलामुळे उष्ण-दमट हवेत इलेक्ट्रॉनिक्समध्ये शॉर्ट होऊ शकत होतं, म्हणून मिनरल तेल घालून दिलं. तुमची गाडी त्यानंतरची आहे, त्यामुळे तो दोष तिला नाही. पण कोरडा क्लच कोरडाच राहतो. छत्रपती चौकात किंवा अजनीला सिग्नलवर ब्रेक अर्धवट सोडून गाडी रेंगाळवली की क्लच अर्धा लागलेला राहतो आणि तापतो. वरून आपला उन्हाळा. आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, पण क्लच सांगतो. पहिल्या-दुसऱ्यात जाताना हलका थरथराट, उलटी घेताना झटका, उतारावर दुसऱ्यातून पहिल्यात येताना "टक्" आवाज. एसी लावून, गाडी पूर्ण तापल्यावर, गर्दीत अर्धा तास चालवून पाहा. अमरावती रोडला मोकळ्या रस्त्यावर कुठलीही गाडी लोण्यासारखीच चालते.

मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट) आणि क्लच दोन्ही बदलायची वेळ आली तर दीड ते अडीच लाखांची तयारी ठेवा.

सुपर्बच घ्यायची तर २.० टीडीआय (डिझेल) शोधा. १७७ पीएस, ३५० एनएम आणि सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी, डीक्यू२५०. त्याला दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावं लागतं, खर्च आहे, पण तो गिअरबॉक्स दमदार आहे.

त्रिमूर्तीनगरकर

बापरे. २५० आणि ३२० चा हा प्रकार माहीतच नव्हता. धन्यवाद दादा. पण टीडीआय म्हणजे जुनी डिझेल. दहा वर्षांनी डिझेल बंद, असं म्हणतात ना?

पाना_पक्कड

तो नियम दिल्ली आणि एनसीआरचा. आपल्याकडे नोंदणी १५ वर्षांची, पुढे फिटनेस करून नूतनीकरण. मात्र त्यामुळेच दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येतात. फॉर्म २८ ची एनओसी आणा, इथला रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे भरा, एमएच नंबर घ्या, हे सगळं करूनही ती स्वस्त वाटली तर दोनदा विचार करा. मी तरी घेऊ देणार नाही.

रच्याकने_रवी

रच्याकने, ई२० बद्दल कोणी बोललंच नाही! जुन्या टर्बो पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आपल्याच शहराचे खासदार इथेनॉलचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते, तेव्हा नागपूरकरांनी तक्रार तरी कुठे करायची :)

पाना_पक्कड

ई२० ला चालतील असे रबर-प्लास्टिकचे भाग देणं कंपन्यांना एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झालं. क्रेटा २०२२ ची आहे, तीही त्याआधीची. त्यामुळे हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच. डिझेल घेतली तर प्रश्नच मिटला.

हिशेबी_ताई

मी विमा क्षेत्रात आहे. इथे सगळे गाडीच्या किमतीवर बोलतायत, मी किमतीनंतरचं सांगते.

१) थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. क्रेटा १५०० च्या आत, म्हणून वर्षाला ३,४१६ रुपये. सुपर्ब १५०० च्या वर, ७,८९७. जीएसटी वेगळा. ही रक्कम किरकोळ आहे, पुढचं किरकोळ नाही.

२) गाडी पाच वर्षांची होईपर्यंत आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या टक्क्यांनी उतरते. त्यानंतर ती कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवता. झिरो डेप (दाव्यात घसारा न कापणारं जोड कव्हर) बहुतेक कंपन्या पाच वर्षांपर्यंत देतात, काही तपासणी करून पुढेही देतात. ते मिळालं नाही तर दाव्यात घसारा कापतात. ५ ते १० वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, आणि प्लास्टिक-रबरावर कुठल्याही वयाला ५० टक्के. काचेवर काही नाही. आता विचार करा, मागून कोणी ठोकलं तर काय फुटतं? बंपर. तो प्लास्टिकचा. सुपर्बच्या बंपरचं निम्मं बिल तुमच्या खिशातून. क्रेटाला आज झिरो डेप असेल तर तुम्हाला हे जाणवतही नसेल.

३) क्रेटावरचा नो क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. विकताना कंपनीकडून तसं पत्र घ्या, तीन वर्षांत पुढच्या गाडीला लावता येतो. व्यापारी हे कधी सांगत नाही. तसंच सुपर्बची चालू पॉलिसी १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

४) व्यापाऱ्याकडून घेताना त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तो शेवटी तुमच्याच भावात येतो. थेट मालकाकडून घेतली तर नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला नव्या गाड्यांवरचा कर उतरल्यावर जुन्यांचे भावही खाली आलेत. चौदा हा भाव त्याच्या तोंडचा आहे, बाजाराचा नाही. साडेदहाही त्याच्याच तोंडचा.

माझं मत विचाराल तर साडेतीन लाख हा फरक धरूच नका. गाडी चौदा लाखांची मिळाली तरी तिचा दिवा, शॉकअप, गिअरबॉक्स तीस लाखांच्या गाडीचाच असतो, आणि दुकानदार बिल करताना गाडीचं वय विचारत नाही. बाजूला दोन लाख वेगळे ठेवता येत असतील, आणि ते गेले तरी झोप उडणार नसेल, तरच पुढे जा.

रिंगरोडचा_राजा

ताई, एक नंबर. दोन लाख बाजूले ठेवा म्हन्ते अन् भाऊच्या डोळ्यापुढं छत्री नाचून राहिली.

जुनी_जर्मन

मी उलटं सांगायला आलोय. माझ्याकडे आठ वर्षं जुनी जर्मन सेडान आहे, ब्रँड सांगत नाही, नाहीतर धागा भरकटतो. नागपुरातच वापरतो. पैसे लागतात, हो. मागच्या वर्षी पुढच्या दोन्ही बाजूंचे कंट्रोल आर्म बदलले. एसीचा कॉम्प्रेसर एप्रिलच्या शेवटी गेला, म्हणजे बरोबर नको तेव्हा. पार्ट मुंबईहून कुरिअरने आला, तोपर्यंत बायकोची हॅचबॅक वापरली. पण रात्री नऊला वर्धा रोडवरून घरी येताना आत जी शांतता असते, ती मला माझ्या बजेटमधल्या कुठल्याही नव्या गाडीत मिळत नाही. दार लावल्यावर बाहेरचा हॉर्न लांब गेल्यासारखा वाटतो.

म्हणजे हे फायद्याचं आहे असं मी म्हणणार नाही. हौस आहे, तिचा खर्च मी हौस म्हणूनच धरतो, कोणी सिनेमा-हॉटेलात घालवतो तसा. मात्र दोन गोष्टींशिवाय यात पडू नका. घरात दुसरी चारचाकी हवी, आणि कंपनीबाहेरचा एक विश्वासू मेकॅनिक हवा, ज्याच्याकडे त्या ब्रँडचा स्कॅनर आहे. मला असा मेकॅनिक मिळायला वेळ लागला. पाना_पक्कडसारखे लोक शहरात मोजकेच आहेत.

त्रिमूर्तीनगरकर

दुसरी चारचाकी नाही. बायकोची स्कूटर आहे. हा मुद्दा मी खरंच धरला नव्हता.

सुरक्षा_आधी

एक बाजू राहतेय. क्रेटाला एप्रिल २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने धडक-चाचणीत ३ स्टार दिले होते, दोन एअरबॅगच्या गाडीला. सुपर्बला युरो एनकॅपचे २०१५ मध्ये ५ स्टार. दोन्ही चाचण्या वेगळ्या, गाड्याही वेगवेगळ्या देशांच्या, त्यामुळे थेट तुलना करत नाही. पण इथे विकलेल्या सुपर्बला आठ एअरबॅग होत्या. समृद्धीवर १२० ने जाणाऱ्या माणसाने हे बघायलाच हवं.

रच्याकने_रवी

+१. आणि समृद्धीवर जाणार असाल तर एअरबॅगच्याही आधी टायर. काँक्रीट, उन्हाळा, जुना टायर, तिन्ही एकत्र आले की फुटतो. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. ३११८ म्हणजे २०१८ चा ३१ वा आठवडा. जुन्या गाडीला खोलवर नक्षी असलेले टायर दिसले की लोक खूश होतात, पण नक्षी शिल्लक आहे कारण गाडी उभीच होती, आणि रबर आतून कडक झालंय. पाच-सहा वर्षांच्या टायरवर शिवमडक्याहून, म्हणजे समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाहून, निघू नका.

अंबाझरी_लेआउटकर

कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. ही एमएच-४९ गाडी २३ सप्टेंबर २०२३ ला कुठे उभी होती?

नव्यांसाठी सांगतो. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. आमच्या लेआउटमध्ये पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. माझीही. विमा कंपनीने टोटल लॉस केला, पैसे मिळाले, तो विषय संपला. पण टोटल लॉस झालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात जात नाहीत. लिलावात विकल्या जातात, धुऊन-वाळवून, आत सुगंधी फवारा मारून परत बाजारात येतात. आणि बुडालेली प्रीमियम गाडी ही बुडालेल्या साध्या गाडीपेक्षा कितीतरी वाईट, कारण तिच्या सीटखाली, डिकीत, कार्पेटखाली कंट्रोल युनिट आणि वायरिंग भरलेलं असतं. गंज हळूहळू चढतो, दीड-दोन वर्षांनी दिवे स्वतःहून लागायला लागतात.

कसं ओळखायचं? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस दिसणारा पट्टा धुतो, आत गुंडाळलेला नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर आडवी मळकट रेघ दिसली तर हात जोडून निघा. मग सीट पूर्ण मागे करून खालची रूळपट्टी आणि तिचे बोल्ट बघा. स्टेपनीच्या खाचेत हात फिरवा, कोपऱ्यात बारीक गाळ राहतो. पुढच्या पायांखालचं कार्पेट उचलता आलं तर उचला आणि खालचा फोम दाबा. एसी बंद करून, काचा लावून दहा मिनिटं गाडी उन्हात ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. अत्तराचा वास फार आला तर जास्तच संशय घ्या.

हिशेबी_ताई

अनुमोदन. त्यासोबत विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मिळतो का बघा. आणि थकीत ई-चलन, हायपोथिकेशन (गाडीवरचा कर्जाचा बोजा) निघालंय का, हे परिवहनच्या ॲपवर घरबसल्या दिसतं. एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबरप्लेट) बसवली आहे का तेही बघा. कर्ज दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

लक्ष्मीनगरची

बाबांना बसवून पाहिलंत का? मुख्य मुद्दा सगळे विसरले.

त्रिमूर्तीनगरकर

बसवलं. रविवारी गाडी घेऊन पाना_पक्कड दादांकडे गेलो, आईबाबांना मुद्दाम सोबत नेलं. बाबा बसले आरामात. उतरताना म्हणाले, "मला इथंच जेवण आणून दे."

गाडीचं सांगतो. सीटबेल्ट कोरा, रुळाला गंज नाही, पाण्याची खूण कुठेही नाही. स्कॅनरमध्ये वेगवेगळ्या युनिटमधले किलोमीटर मीटरशी जुळले, म्हणजे व्यापारी त्या बाबतीत सरळ निघाला. टायर गेल्या वर्षीचे. एवढं होईपर्यंत मी मनात नंबरप्लेट बदलून टाकली होती.

मग दादा स्वतः चालवायला बसले, दुपारी, एसी लावून, वाडीच्या गर्दीत. पहिल्या वीस मिनिटांत काही नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी थांबून निघताना गाडी बारीक थरथरायला लागली. मला आधी कळलंच नाही. दादांनी माझा हात कन्सोलवर ठेवायला लावला तेव्हा कळलं. स्कॅनरवरचे क्लचचे आकडेही मर्यादेच्या जवळ आलेले. व्यापाऱ्याला सांगितलं की दीड लाख कमी करा. तो म्हणतो, "साहेब, डीएसजी अशीच असते." त्याने वीस हजार सोडले, पुढे हलायला तयार नाही. आम्ही उठलो.

रिंगरोडचा_राजा

वाचले भाऊ तुमी. चला, तर्री पोहे लागू झाले तुमच्याकडून. पाना_पक्कड दादाले दोन प्लेट.

जुनी_जर्मन

चांगलं केलंत. मात्र तो थरथराट एकदा हाताला कळला की आता प्रत्येक ऑटोमॅटिकमध्ये शोधत बसाल, अगदी टॅक्सीतसुद्धा. यावर इलाज नाही.

त्रिमूर्तीनगरकर

हाहा, सुरू झालंय. पण मी पूर्ण बरा झालेलो नाही. अमरावतीला एका डॉक्टरांकडे २.० टीडीआय आहे, २०१९ ची, पहिल्याच मालकाकडे, ८२ हजार झालेली. थेट मालक, व्यापारी मध्ये नाही. बायकोने अट घातली आहे: आधी दोन लाखांची एफडी दाखव, मग गाडी दाखव. आणि क्रेटा देऊन घ्यायची की क्रेटा ठेवून तिला स्कूटरऐवजी चालवायला द्यायची, हेही तीच ठरवणार. पुढच्या आठवड्यात जाऊन बघायचा विचार आहे. काय बघू, दादा?

पाना_पक्कड

सकाळी लवकर पोचा आणि आदल्या दिवशीच फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. डिझेलचं खरं रूप थंड इंजिनात दिसतं. बोनेटवर हात ठेवून बघा, कोमट लागलं तर का सुरू केली ते विचारा.

डीएसजीचं तेल ६० हजाराला बदलल्याचं बिल मागा. नसेल तर त्या कामाचे पैसे भावातून कापा. टायमिंग बेल्टचंही विचारा. डॉक्टर लोक गाडी कमी चालवतात आणि शहरातच चालवतात, पण ८२ हजार आहेत म्हणजे हायवेही झालाय, ते चांगलं. तीन हजार आरपीएमपर्यंत जोरात खेचा आणि कोणाला तरी मागे उभं करून धूर बघायला सांगा. चालता-चालता थोडा काळा चालेल, निळा किंवा पांढरा सतत आला तर परत या.

मी रविवारी मोकळा आहे, सोबत येतो. स्कॅनर घेतो. टोकन द्यायचं पाकीट मात्र वहिनींकडे ठेवा.